सायकलवाला अल्बम

"काय दिलीपभाऊ, सायकल कुठवर आली?" असं कुणी विचारलं की पांढुर्ण्याच्या दिलीप घागरेच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि विचारणारे काही थोडेथोडके नव्हते. बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुकान. अँप्लिफायर, मिक्सर, स्पीकर, लग्नातले माइक असलं सगळं तो दुरुस्त करायचा. येणारं गिऱ्हाईक बिघडलेला डबा काउंटरवर ठेवायचं आणि वर हा प्रश्न टाकायचं.

शब्द खरा होता 'सायकेडेलिक'. दिलीपनंच तो एकदा चहाच्या टपरीवर मोठ्या हौसेनं उच्चारला होता. आपण महादेवाच्या गाण्यांचा अल्बम करून राहिलो, पण साधासुधा नाही. परदेशात एका काळी गिटारचा आवाज ताणून, उलटा करून, घुमवून डोकं गरगरवणारं संगीत निघालं होतं, त्याची आणि आपल्या गाण्याची गाठ घालून राहिलो, असं त्यानं तासभर समजावलं होतं. टपरीवरच्यांनी त्यातली कळली तेवढी सायकल उचलली. तेव्हापासून न झालेल्या अल्बमला 'सायकलवाला अल्बम' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं कधी, हे सांगायचं तर लहानपणापासून सुरू करावं लागतं. दिलीपचे वडील तिगावच्या स्टेशनावर पॉइंट्समन होते. आई सौंसरजवळच्या एका खेड्यातली, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातली. आईची धाकटी बहीण पंचफुला त्याच खेड्यात दिलेली. या पंचफुलामावशीचा आवाज असा, की वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जायचा आणि तरी ओरडल्यासारखा वाटायचा नाही. दर वर्षी बायाबापड्यांचा जथा पचमढीच्या मोठ्या महादेवाला निघायचा, तेव्हा गाणं उचलायचा मान मावशीचा.

दिलीप सहा-सात वर्षांचा असताना आई त्याला घेऊन त्या जथ्यात गेली. घाटाच्या वळणावळणांवर माणसंच माणसं. वरच्या वळणावर एक टोळी, मध्ये यांची, खाली आणखी एक. गाणं एकच; पण वरच्यांची ओळ संपत आलेली, यांची अर्ध्यावर, खालच्यांची नुकती सुरू झालेली. एकच ओळ तीन ठिकाणांहून, एकमेकींवर चढत, धुक्यातून यायची. पोरगा चालायचा थांबला.

"मावशे, डोंगरच गाते काय व?"

"गप चाल. पाय पाह्य खाली," मावशी म्हणाली.

पुढं दहावीनंतर तो लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या सौंसरच्या एका धुमाल पार्टीत बेंजो वाजवू लागला. हा बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली पेटी. वायर लावून भोंग्याला जोडली की तिचा आवाज अख्ख्या वरातीला पुरून उरतो. मग आयटीआयसाठी नागपूरला गेला. तिथं खोलीवर रवींद्र नावाचा मुलगा होता, त्याच्या मामाकडून आलेल्या परदेशी कॅसेटी तो ऐकायचा. एके दुपारी त्यातून एक गिटार निघाली. उलटी वाजल्यासारखी, स्वतःच्याच मागे धावणारी. दिलीप खाटेवरून उठून बसला. हा तर घाट! त्याला शब्द माहीत नव्हता, बँड माहीत नव्हता, पण घाट ओळखू आला. तेव्हाच त्यानं ठरवलं की मावशीचं गाणं एक दिवस असं ऐकवायचं.

तो दिवस यायला वीस-बावीस वर्षं गेली. लग्न झालं, दुकान झालं, बेंजो माळ्यावर गेला. उर्मिला, त्याची बायको, सरकारी शाळेत शिकवायची. तिनं बेंजोवर जुनी चादर घालून ठेवली होती आणि तो परत खाली येईल असं तिला वाटलं नव्हतं.

तो खाली आला केतकीमुळं. केतकी नागपूरची, सौंसरच्या बँकेत नोकरीला. वय तिशीच्या आत. ती एक दिवस गिटारचा अँप्लिफायर घेऊन आली. चालू केला की नुसता गुणगुणायचा. दिलीपनं तो उघडला, सुटलेला टाका पुन्हा दिला आणि तपासून पाहायला काही हवं म्हणून माळ्यावरचा बेंजो काढला. सोबत केतकीचा पायानं दाबायचा एक डबा होता, आवाज घुमवणारा. त्यातून वायर घालून दिलीपनं सहज महादेवाच्या गाण्याची चाल छेडली. दुकानात उभी असलेली केतकी हातातलं हेल्मेट ठेवायची विसरली.

"हे काय वाजवलंत तुम्ही?"

"आमचं महादेवाचं गाणं हाये मॅडम."

"नाही, पण हे... याला सायकेडेलिक म्हणतात. परत वाजवा."

तर तो शब्द तिथून आला. दिलीपला आयुष्यात पहिल्यांदा आपलं म्हणणं कळलेलं माणूस भेटलं होतं. दर रविवारी केतकी सौंसरहून यायला लागली. सहा गाणी ठरली. आवाज अर्थात मावशीचा.

आणि इथून सगळं बिघडायला लागलं.

दिलीपनं दुकानामागच्या, घराला लागून असलेल्या खोलीला भिंतभर गाद्या लावल्या, खिडकी बुजवली, मावशीला तिच्या गावाहून आणलं, खुर्चीवर बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. मावशी त्या कोंदट खोलीत परीक्षेला बसल्यासारखी बसली. गायली तेही शाळेतल्या प्रार्थनेसारखं, एकेक शब्द मोजून.

"मोकळ्या गळ्यानं गा ना मावशे!"

"असं भिताडाकडं तोंड करून कोणी गाते काय रे? अन् कानात हे काय भरलं? माहा मलेच आवाज येऊन राह्यला, तं लाज वाटते."

दुसऱ्या खेपेला मावशी जरा रंगात आली, तर गल्लीतून वरात निघाली. तिसऱ्या खेपेला वीज गेली. चौथ्या खेपेला सगळं जमलं आणि ऐकताना कळलं की माइकची पिन अर्धवट बसली होती. दिलीपनं ती वायर उपटून भिंतीवर फेकली. मावशीनं चप्पल पायात सरकवली आणि म्हणाली, "मले बसमध्ये बसवून दे. बागेत काम पडलं हाये."

त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. मावशी खराब, वीज खराब, गाव तर खराबच, असं त्याचं चाललं होतं. उर्मिलानं बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुमच्या मावशींना इतक्या वर्षांत नुसतं बसून गाताना पाहिलं नाही. हाताला काम नसलं की त्यांना गाणं येत नाही. तुम्ही त्यांना रिकामं बसवून राहिले."

दिलीपला हे आपल्याला सुचलं नाही याचाही राग आला. पण पुढच्या रविवारी तो आणि केतकी मावशीच्या बागेत गेले. तोड सुरू होती. झाडाखाली संत्र्यांचा ढीग, मावशी आणि तिची सून सुचिता लहान-मोठी फळं वेगळी करत बसलेल्या. दिलीपनं माइक वरच्या फांदीला बांधला आणि गाण्याचं नावही न काढता बाजूला जाऊन बसला. अर्ध्या घटकेत मावशी त्यांना विसरली. हात चालत होते आणि गळा आपोआप उघडला:

"पाय माहे थकले देवा, डोंगर काही थकेना..."

केतकीनं दिलीपचं मनगट धरलं, हलू नका म्हणून. मध्येच पोपट ओरडले, कुठं ट्रॅक्टर सुरू झाला, एकदा सुचिताला ठसका लागला. पण आवाज असा आला, की परतताना दोघांनी वाटेत दोनदा गाडी थांबवून तो पुन्हा ऐकला. अशा चार-सहा खेपांत साऱ्या गाण्यांचे आवाज मिळाले. दिलीपच्या आयुष्यातले ते बहुधा सगळ्यात चांगले दिवस, पण तेव्हा त्याला ते पोपटांमुळं खराब झाल्यासारखे वाटत होते.

केतकीनं गिटार भरली, दिलीपनं बेंजो. पहिलं गाणं जोडून ऐकलं, आणि त्याच आठवड्यात केतकीच्या बदलीचा हुकूम आला. बालाघाट. निघायच्या आधी ती दुकानात आली, गाणं पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, "दिलीपभाऊ, माझं ऐका. इथंच थांबा. यात अजून काही घालू नका."

"आता तं सुरुवात हाये, मॅडम."

तो थांबला नाही. केतकी गेल्यावर त्याला थांबवणारं कुणी उरलंही नव्हतं. मावशीच्या आवाजामागं त्यानं तोच आवाज घुमवून लावला, त्यामागं आणखी एक, त्यावर उलटा वाजणारा बेंजो, त्यावर सावकाश केलेले घुंगरू, त्यावर तिगावच्या फाटकातून जाणाऱ्या मालगाडीचा खडखडाट. पोपट काढले, ट्रॅक्टर काढला, ठसका काढला. जे मनात ऐकू यायचं ते स्पीकरमधून काही केल्या निघेना, म्हणून तो आणखी एक थर चढवायचा. घरात भिंतीपलीकडून तीच ओळ सकाळ-संध्याकाळ ऐकून उर्मिलाला शाळेत वह्या तपासतानाही ती ऐकू यायला लागली. कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेना, तेव्हा त्यानं बागेतले मूळ आवाज उडवून टाकले. पक्के करून झालेत, आता कच्चे कशाला ठेवायचे, असा हिशेब. दोन वर्षं अशी गेली. दरम्यान पांढुर्णा जिल्हा झाला, नव्या पाट्या लागल्या, आणि टपरीवरचे म्हणाले, "जिल्हा झाला दिलीपभाऊ, पण सायकल काही झाली नाही!"

शेवटी एका महाशिवरात्रीला त्यानं अल्बम इंटरनेटवर टाकला. नातेवाइकांना कळवलं, पार्टीतल्या जुन्या मित्रांना कळवलं. आठवडाभरात जी काही थोडी माणसं ऐकून गेल्याचं दिसलं, त्यांत निम्म्या वेळा तो स्वतःच होता. एका मित्रानं लिहिलं, "भाई, शुरू का थोडा काटना पड़ेगा, गाना देर से आता है." कुण्या परदेशी माणसानं कुठल्याशा भाषेत एकच ओळ लिहिली होती. फोननं तिचं भाषांतर केलं: 'छान भिजलेला डोंगर'. या तीन शब्दांवर दिलीपनं चार दिवस काढले. पाचव्या दिवशी तेही पुरेनात.

मग गणपती आले.

विसर्जनाच्या दुपारी दिलीप दुकानाचं शटर अर्धं ओढून उभा होता. जाम नदीकडं मिरवणुका निघाल्या होत्या. एका ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, आणि त्यांतून एकदम मावशी! तीच ओळ, 'पाय माहे थकले देवा', पण दुप्पट वेगानं, पोरीच्या आवाजात, खाली छाती हादरवणारा ठोका. कुणा डीजेवाल्या पोरानं अल्बममधून जेवढी ओळ स्वच्छ सापडली तेवढी उचलली होती. रस्ताभर पोरं पाय थकल्याच्या गाण्यावर बेभान नाचत होती. दोघातिघांनी दिलीपला ओळखलं.

"दिलीपभाऊ! सायकल निघाली ना बाप्पा! जबरदस्त!"

"हे माहं नाही! आयक... हे मी नाही केलं!" तो ओरडला. ठोक्यात कुणाला काही ऐकू गेलं नाही. त्याच्या तोंडावर गुलाल फासला आणि त्याला उचलून नाचवलं. आयुष्यात एवढं कौतुक त्याच्या वाट्याला पहिल्यांदा आलं, आणि ते नको त्या गोष्टीसाठी.

दोन दिवसांनी मोरेश्वरकाका घरी आले. सावरगावहून महादेवाला जाणाऱ्या जथ्याचे ते पुढारी. सोबत जथ्यातले दोघं. चहा पुढं ठेवला तो त्यांनी घेतला नाही.

"दिलीप, देवाचं गाणं दारू पिऊन नाचाले देलं तू."

"काका, ते मी नाही देलं. त्यानं चोरलं."

"तू इंटरनेटवर टाकलं नसतं तं त्यानं कुठून चोरलं असतं?"

"माहा अल्बम आयकला काय तुम्ही? एकदा आयका तं खरं."

काकांनी सोबतच्या एकाकडं पाहिलं. तो म्हणाला, "आयकला. त्याच्यात काही समजून नाही राह्यलं. डीजेवर निदान देवाचं नाव तं समजते."

उर्मिला दारात उभी होती. तिला वाटलं, आता हा पेला फेकणार. पण दिलीप नुसता उठला, आत गेला आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आला नाही. त्या संध्याकाळी त्यानं तिला विचारलं, "तू तरी आयकला काय पूर्ण?" उर्मिला म्हणाली, "दोन वर्षं भिंतीतून ऐकलाच की." ती हे थट्टेनं म्हणाली, पण त्याला ते लागलं.

निदान मावशीला तरी कळेल, या आशेवर तो तिच्या गावी गेला. डीजेचं कानावर गेलं असेल, तिला वाईट वाटलं असेल, माफी मागू आणि खरा अल्बम समोर बसवून ऐकवू. मावशी अंगणात तूर निवडत बसली होती. चेहरा तर उजळलेला.

"आयकलं काय रे? सुचितानं मोबाइलवर दाखवलं. आपलं गाणं मिरवणुकीत! सगळे नाचून राह्यले होते."

"मावशे, ते खराब केलं त्यानं. तुहा आवाज पाह्य कसा चिरका केला."

"चिरका हाये, पण शब्द तं समजतेत माहे."

दिलीपनं स्पीकर काढला आणि आपलं पहिलं गाणं लावलं. सुरुवातीची मालगाडी गेली, घुंगरू आले, बेंजो उलटा वळला, आणि मावशीचा आवाज तीन-चार वाटांनी येऊ लागला. मावशीचे हात तुरीत थांबले. ती मान वाकडी करून ऐकत होती. दिलीप तिच्या तोंडाकडं डोळे लावून बसलेला.

"मी कुठी हाव यात?"

"हे काय, ही तूच. मागं."

"मागं काहून? विहिरीत पडल्यावाणी आवाज येते. कोणी दोर सोडा म्हणून बोंबलून राह्यली मी, असं वाटते."

सुचिता फिस्सकन हसली. दिलीपनं स्पीकर बंद केला, पिशवीत कोंबला आणि चहा न घेता बसस्टँड गाठलं. अर्ध्या वाटेपर्यंत तो मनात मावशीशी भांडत होता. त्यापुढं त्याला भांडायला मुद्देच सापडेनात. घरी पोचायच्या आधीच त्यानं केतकीला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. लोकांना कसं काही कळत नाही तेही सांगितलं.

"तुम्हीच सांगा मॅडम, माहं काय चुकलं?"

"मी म्हटलं होतं थांबा म्हणून," केतकी म्हणाली. "मावशी तेव्हा ऐकू येत होत्या."

त्यानं फोन ठेवून दिला. आठ-दहा दिवस तो दुकानात गिऱ्हाइकांचे अँप्लिफायर उघडत बसला. मग एका सकाळी कॉम्प्युटर उघडून त्यानं थर उतरवायला घेतले. मालगाडी काढली. घुंगरू काढले. पण मावशीचा आवाज मोकळा होईना. घुमवून, घासून, पोपट वगळण्याच्या नादात त्यातलं पाणीच त्यानं आटवलं होतं, आणि मूळ आवाज तर स्वतःच्या हातानं पुसलेले. हे उमगलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. उर्मिला शाळेत जायला निघाली होती, ती पर्स खाली ठेवून शेजारी बसली.

पुन्हा गाऊन घ्यावं म्हणून तो थंडीत मावशीकडं गेला. मावशीला दम्यानं धरलं होतं. नाही म्हणाली नाही ती. संत्र्यांच्या ढिगाशी जाऊन बसली, एक ओळ उचलली, आणि दुसऱ्या ओळीला खोकल्यानं असं घेरलं की सुचिता पाणी घेऊन धावत आली. "आता नाही होत रे बापू," मावशी म्हणाली. दिलीपनं माइक फांदीवरून सोडवला. गाठ घट्ट बसली होती. ती सोडवताना त्याची नखं दुखावली, आणि त्याला ते बरंच वाटलं.

मूळ आवाज पुसल्याचं कळल्यावर केतकीनं स्वतःहून फोन केला. बागेतल्या पहिल्या रविवारचे आवाज तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सापडले होते. सहा गाण्यांपैकी दोन. बाकीची तिच्याकडं नव्हतीच. दिलीपला आनंद व्हायला हवा होता. त्याच्या तोंडून निघालं, "फक्त दोनच?" केतकी हसली आणि म्हणाली, "तुम्हाला पूर्ण सहा दिले असते, तर सातवं मागितलं असतं."

त्या दोन गाण्यांवर तो पुन्हा बसला. या वेळी दार उघडं ठेवून, आणि उर्मिलाला शेजारी बसवून. तो काही चढवायला गेला की ती नुसती मान हलवायची आणि तो चरफडत काढून टाकायचा. केतकीनं बालाघाटहून गिटार नव्यानं वाजवून पाठवली, पहिल्यापेक्षा कमी. पोपट राहिले, ट्रॅक्टर राहिला. मावशीचा आवाज पुढं, आणि तो अवघ्या एका ठिकाणी, गाण्याच्या शेवटाला, तिच्याच घुमलेल्या आवाजात विरघळत जायचा. चार गाणी कायमची गेली याचा सल त्याला प्रत्येक सुराला टोचत होता. पण ही दोन बरी झालीत हे त्यालाही नाकारता येईना.

ती इंटरनेटवर टाकायच्या आधी तो ती घेऊन मावशीच्या गावी गेला. मावशी पांघरूण घेऊन खाटेवर बसली होती. दोन्ही गाणी तिनं डोळे मिटून ऐकली.

"इथं मी चुकली," ती डोळे उघडून म्हणाली. "दुसऱ्या कडव्यात 'चढलो' म्हणायचं होतं, मी 'उतरलो' म्हणलं. ते काढ."

"ते नाही निघत आता."

"एवढ्या मशिनी घेऊन बसला, अन् एक शब्द निघत नाही?"

"मावशे, बाकी कसं वाटलं ते सांग ना!"

"चांगलं हाये. माह्या आवाजात मीच हाव असं वाटते." मग जरा दम घेऊन, "बाकीचे चार कुठी हायेत?"

दिलीपनं सांगितलं. लपवून ठेवायची इच्छा होती, पण सांगितलं. मावशी रागावली नाही. तिनं स्वयंपाकघराकडं हाक मारली, "सुचिता! इकडं ये व. त्या गेलेल्या चारातलं नागाचं गाणं म्हणून दाखव याले."

"सुचितावहिनी?" दिलीप हबकला. "मावशे, तिचा आवाज नाकातून येते."

"मंग तू नीट करशील. नाही तं काय कामाचा तू?"

सुचिता पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि दाराशीच उभी राहून गायला लागली. चाल मावशीची, पण वेग नको तितका जास्त, आवाज खरोखरच नाकातला, आणि दुसऱ्याच ओळीला ती शब्द विसरून हसली. मावशीनं खाटेवरून शब्द पुरवला. दिलीपनं कपाळाला आठ्या घालून पिशवीतून माइक काढला.

"वहिनी, तसं उभं राहून नाही. पीठ मळत म्हणा. आणि जरा सावकाश, बाप्पा, कोणी मागं लागलं नाही तुमच्या."